पावसाळ्यात बूम माइक तडतडतो तेव्हा काय काय तपासायचं

जून उजाडला की गोव्यात शूटिंग करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली: बूम माइक (लांब दांड्यावर लावलेला माइक) तडतडतोय, काल तर बरा होता. ती चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत ऐकू येत राहते. नाटकं, माहितीपट, देवळांतले उत्सव यांचा आवाज घेण्याचं काम मी करतो आणि हा बिघाड माझ्या आणि इतरांच्या माइकवर वर्षानुवर्षं निस्तरत आलोय. तडतडणारे बहुतेक माइक मेलेले नसतात. कुठेतरी ओल शिरलेली असते. ती कुठे आहे हे शोधायच्या आधीच लोक नवा माइक मागवतात, नाहीतर जुना स्क्रू काढून उघडतात, आणि उघडणं विकत घेण्यापेक्षा महाग पडतं. खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमानेच करा. सुरुवातीच्या फुकट आहेत, पुढे वेळ आणि थोडा पैसा लागतो.

लक्षणं

माइक स्टँडवर लावा, सगळ्यांना गप्प करा, हेडफोन घाला आणि मिनिटभर नुसतं ऐका. माइकला कोणी हात लावत नाही, कोणी बोलत नाही, तरी तापल्या तेलात मोहरी पडल्यासारखी तडतड येतेय, मध्येच एखादा मोठा ‘फट्’ होतोय, तर संशय ओलाव्यावर. त्याच्या जोडीला कधी आवाजाची पातळी हळूहळू खाली जाते, ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात, मागची सरसर वाढते. सकाळची ही तडतड दुपारी ऊन पडल्यावर आपोआप कमी झाली, तर मग फारशी शंका उरत नाही.

बूम हलवला किंवा केबलला धक्का लागला तरच खरखर येते आणि स्थिर धरलं की शांत, असं असेल तर दोष केबलचा नाहीतर कनेक्टरचा. आवाज पूर्ण जातो आणि परत येतो, तेव्हाही आधी तिथेच बघायचं, मग फँटम पॉवरकडे, म्हणजे रेकॉर्डर केबलमधून माइकला पुरवतो त्या विजेकडे वळायचं.

आणखी तीन आवाज उगाच ओलाव्याच्या नावावर खपतात. एकसुरी घुंऽऽ ही विजेची घरघर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरघर त्या सुरात आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट सुरांत येते. ठरावीक तालात ‘टर्र-टक-टक-टर्र’ वाजत असेल तर जवळ कुणाचा तरी मोबाइल आहे. आणि फक्त मोठ्या आवाजालाच फाटत असेल तर पातळी ओलांडली गेलीय. घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरतीत हे हमखास होतं. थाप पडली की फाटतं, थाप थांबली की स्वच्छ. तिथे माइक आजारी नाही.

ऐकून झालं की तीन गोष्टी लिहून ठेवा: तडतड केव्हा सुरू झाली, कुठे असताना, आणि आदल्या रात्री माइक कुठे ठेवला होता. तिसऱ्या गोष्टीत बऱ्याचदा उत्तर असतं.

हेडफोन आणि फाइल

जे ऐकू आलं ते फाइलमध्ये उतरलंय का, हे सगळ्यात आधी. अर्धं मिनिट रेकॉर्ड करा आणि तीच फाइल दुसऱ्या हेडफोनवर, जमल्यास दुसऱ्याच यंत्रावर ऐका. फाइल स्वच्छ असेल तर माइकला हातही लावायची गरज नाही. हेडफोनचा प्लग जागच्या जागी गोल फिरवून बघा. तडतड बदलली तर दोष प्लगचा किंवा त्याच्या खोबणीचा. हा प्लग दिवसभर घामेजल्या हातांनी काढला-घातला जातो, म्हणून बाकी कशाच्याही आधी तोच काळवंडतो. कोरड्या सुती फडक्याने पुसा, दहाबारा वेळा आत-बाहेर करा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं.

पातळी, मोबाइल, वीज

घुमटाच्या थापेला फाटत असेल तर गेन (रेकॉर्डरवरची इनपुटची पातळी) खाली आणा, पॅड (आवाज ठरावीक प्रमाणात उतरवणारा स्विच) असेल तर लावा, तरीही फाटलं तर माइक मागे न्या. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर (अगदी बारीक ते अगदी मोठा आवाज एकाच वेळी साठवणारा) असला की काहीच फाटत नाही, असा एक समज सध्या पसरलाय. तो अर्धाच खरा आहे. माइकमधून चांगला निघालेला आवाज असा रेकॉर्डर सांभाळतो, पण माइकच्या आतलंच सर्किट थापेने फाटत असेल तर रेकॉर्डरकडे फाटलेलाच आवाज पोचतो. तिथे अंतर हाच इलाज.

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, निदान बूम धरणाऱ्याच्या खिशातला आणि रेकॉर्डरच्या पिशवीतला तरी.

घरघर असेल तर चार्जर काढून रेकॉर्डर बॅटरीवर चालवा. थांबली तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. नाटकाच्या साउंड डेस्कवरून लाइन घेताना ही घरघर जास्त येते, कारण डेस्कची अर्थिंग एका जागी असते आणि आपल्या लॅपटॉपची दुसऱ्या जागी. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज पुढे सोडून दोन्हीकडची विजेची जोडणी तोडणारा) घातला की सुटतं.

डेडकॅट आणि फोम

डेडकॅट (वारा अडवणारं माइकचं केसाळ कव्हर) काढून बाजूला ठेवा आणि पुन्हा ऐका. भिजलेलं केसाळ कव्हर वरच्या पट्टीतला आवाज खातं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं कॅप्सूलच (माइकमधला आवाज पकडणारा भाग) गेली. त्यातून थेंब सुटून जाळीवर पडला की ‘टप्’ येतो, तोही माइकच्या नावावर जातो. कव्हर झटकून कोरडं झालं असं हातावर घेऊन ठरवू नका. आतून बोट फिरवा. वरचे केस सुटे आणि कोरडे लागतात, पण आतली कापडी जाळी ओलीगच्च असते. म्हणजे झेपलिनच्या (माइकभोवतीच्या पोकळ जाळीदार पिंजऱ्याच्या) आत माइक बंद दमट खोलीत बसल्यासारखा असतो, आणि बाहेर पाऊस थांबला तरी आतला थांबत नाही. पावसाळ्यात दोन कव्हरं बाळगा, एक वापरात, एक पंख्याखाली. भिजलेल्या कव्हरासकट माइक रात्रभर केसमध्ये ठेवला की दुसऱ्या दिवशीची तडतड ठरलेलीच.

फोम जुना असेल तर चिमटीत दाबा. बोटांना काळा चुरा किंवा चिकटपणा लागला तर तो फोम टाकून द्या. आपल्या हवेत फोम कुजतो, आणि त्याचा चुरा माइकच्या फटींतून आत जातो.

माइक काढून नुसती केबल ऐका

सगळ्या तपासण्यांतली मला सर्वांत मोलाची वाटते ती ही. हिला एक पैसा लागत नाही आणि निम्मे माइक इथेच निर्दोष सुटतात.

हेडफोनचा आवाज कमी करा. फँटम बंद करा, माइक केबलपासून सोडवा, आणि केबल रेकॉर्डरला तशीच ठेवून फँटम पुन्हा चालू करा. आता हळूहळू आवाज वाढवत ऐका. मोकळ्या टोकामुळे थोडी सरसर येईल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. तडतड चालूच असेल तर माइक बरा आहे. थांबली असेल तर दोष माइकमध्ये किंवा त्याच्या कनेक्टरमध्ये. चालू असेल तर पुढची पायरी: फँटम बंद करून केबलही काढा, पुन्हा फँटम चालू करून नुसता रेकॉर्डर ऐका. तरीही तडतड असेल तर रेकॉर्डरचं इनपुट. मग दुसऱ्या चॅनेलवर हेच करून बघा.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. एक्सएलआर, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या केबलमध्ये तीन तारा असतात. पहिली पिन अर्थ, दुसरी आणि तिसरी आवाजाच्या. फँटम चालू असताना या दोघींवर पहिलीच्या तुलनेत ४८ व्होल्ट उभे असतात. कनेक्टरच्या आत पिनांच्या मध्ये ओलाव्याचा पातळ थर बसला की त्यातून वीज थेंबाथेंबाने गळते. ती एकसारखी न गळता तुटक-तुटक गळते, आणि तेच हेडफोनमध्ये तडतड होऊन येतं. डायनॅमिक माइकला फँटम लागत नाही, म्हणून फँटम बंद असताना त्याच ओल्या केबलवर तो बिनबोभाट चालतो. मग माणूस म्हणतो, केबल ठीक आहे, साधा माइक तिच्यावर चालला, म्हणजे कंडेन्सरच (फँटमवर चालणारा माइक) गेला. नेमका इथे चांगला माइक बदनाम होतो.

आता केबल बदला. खात्रीची एक केबल पिशवीत नेहमी वेगळी, खूण करून ठेवा, तिचा उपयोग फक्त तपासणीसाठी. संशयित केबल दोन्ही टोकांपासून वीतभर अंतरापर्यंत हळू वाकवत ऐका, कारण तार तुटते ती बहुधा तिथेच, मध्ये क्वचित. बूमच्या दांड्यात आतून केबल जात असेल तर दांड्याचं बूड उघडा आणि दांडा उलटा झटका. पावसाचं पाणी जोडांमधून आत उतरतं आणि तळाच्या कनेक्टरपाशी साचून राहतं. वरचं टोक पूर्ण कोरडं दिसतं, त्यामुळे तिथे बघायचं कुणाला सुचत नाही. काम झाल्यावर असा दांडा बूड उघडं ठेवून उभा वाळवा.

कनेक्टर आणि मीठ

टॉर्च घ्या आणि पिनांच्या बुडाशी बघा, जिथे धातू प्लास्टिकमध्ये शिरतो तिथे. पिनेचं टोक रोजच्या घासण्याने चकचकीत राहतं, बुडाशी मात्र हिरवट किंवा पांढुरकी कड धरलेली दिसते. ती कड म्हणजे गंज आणि मीठ.

‘काल तर बरा होता’ याचं उत्तर या मिठात आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या खाली असते तोवर साधं मीठ कोरडं राहतं आणि फारसा त्रास देत नाही. त्याच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. म्हणजे पिनांवर खारं पाणी तयार होतं, आणि खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसच्या दिवस ७५ च्या वरच असते. त्यामुळे फेब्रुवारीत मोरजीच्या किनाऱ्यावर वापरलेला आणि न पुसता ठेवलेला माइक मेपर्यंत निमूट चालतो, आणि जूनमध्ये समुद्रापासून दूर साखळीला नेला की तडतडू लागतो. मालक म्हणतो, इथे तर समुद्रही नाही. मीठ त्याने पिशवीतून सोबत आणलेलं असतं.

साफ करायची रीत अशी. फँटम बंद, रेकॉर्डर बंद, माइक मोकळा. कानाच्या काडीवर किंवा बारीक ब्रशवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या आणि प्रत्येक पिन बुडापासून पुसा. माइकवर थेट फवारा मारायचा नाही. आधी काडीवर, मग काडी पिनेवर. फवारा आत शिरला तर कॅप्सूलच्या दिशेने जाऊ शकतो. केबलच्या भोकांच्या टोकात क्लीनर चालतो, पण केबल दोन्हीकडून सुटी असताना. मग कनेक्टर काही वेळा आत-बाहेर करा आणि पूर्ण वाळू द्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, गंजलेले नट-बोल्ट सोडवायचा तेलकट स्प्रे इथे नको. तो मागे थर ठेवतो आणि धूळ धरतो. पॉलिश पेपरही नको. पिनेवरचा मुलामा गेला की पुढच्या पावसात ती दुप्पट वेगाने गंजते.

किनाऱ्यावरचं शूट संपलं की त्याच संध्याकाळी माइकचं अंग, पिना, केबलची टोकं आणि क्लिपा किंचित ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरड्याने पुसायच्या. मीठ कोरड्या फडक्याने नुसतं पसरतं, निघत नाही. फडकं दमट हवं, पण पिळून पाणी न सुटणारं.

फँटम मोजा

इथून पुढे मल्टिमीटर लागेल, साधा स्वस्त चालतो. डीसी २०० व्होल्टच्या जागेवर ठेवा. पिनांचे आकडे कनेक्टरवरच कोरलेले असतात. फँटम चालू करून केबलच्या माइककडच्या टोकात १ आणि २ मध्ये मोजा, मग १ आणि ३ मध्ये. माइक न जोडता दोन्हीकडे ४४ ते ५२ व्होल्टच्या दरम्यान आणि जवळजवळ सारखं यायला हवं. २ आणि ३ मध्ये शून्याच्या आसपास. दोन्ही आकडे कमी असतील तर आधी मेन्यू बघा. काही रेकॉर्डरमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी १२ किंवा २४ व्होल्टचा पर्याय असतो आणि तो चुकून लागलेला असतो. मेन्यू ठीक असेल तर ताज्या बॅटऱ्या घाला. एकच आकडा पडलेला असेल तर केबलशिवाय थेट रेकॉर्डरच्या इनपुटवर मोजा. तिथे दोन्ही सारखे आले तर केबल गळतेय. तिथेही एक पडलेला असेल तर दोष रेकॉर्डरच्या पोटात आहे, तो काढणं तुमचं काम नाही.

मल्टिमीटर हातात आहेच तर केबल दोन्हीकडून काढून सलगताही बघा. १ ते १, २ ते २, ३ ते ३ जोडलेले हवेत, आणि आपापसात कुठेही नकोत.

रोड कंपनीच्या एनटीजी-२ सारखे काही माइक आतल्या पेन्सिल सेलवरही चालतात. तो सेल बाहेर काढून बघा. सेल गळला असेल तर स्प्रिंगवर पांढरी पूड दिसते. कानाच्या काडीवर किंचित व्हिनेगर घेऊन ती पुसा, मग अल्कोहोलने, आणि वाळू द्या. फँटमवर चालवत असाल तर जून ते सप्टेंबर त्यात सेल ठेवूच नका.

ओल माइकच्या आतच असेल तर

वरचं सगळं पार पडलं आणि माइक लावला की तडतड, काढला की शांत, असं पक्कं झालं, की मग कॅप्सूल.

कंडेन्सर कॅप्सूलमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो आणि त्याच्यामागे केसाएवढ्या फटीवर धातूची पाटी. दोघांमध्ये विजेचा भार धरून ठेवलेला असतो, आणि पडदा हलला की त्यातून आवाज बनतो. तो भार टिकावा म्हणून आतला रोध अब्जावधी ओहमचा असतो. इतक्या नाजूक हिशोबात ओलाव्याचा नखभर थरही भार गळायला पुरतो. तो गळतो धक्क्याधक्क्याने, म्हणून तडतड. त्यात मिठाची, धुळीची भर असेल तर कमी ओलाव्यातही गळतो. डायनॅमिक माइकमध्ये असा भार नसतो, म्हणून तो पावसात तगतो. सेनहायझरच्या एमकेएच मालिकेतले माइक, त्यात आपल्याकडे सर्रास दिसणारा एमकेएच ४१६ आला, कंडेन्सर असूनही वेगळ्या रीतीने चालतात. त्यांच्या कॅप्सूलमधून रेडिओ फ्रिक्वेन्सीचा प्रवाह फिरतो आणि तिथला रोध कमी असतो, त्यामुळे दमट हवेत ते खूपच जास्त टिकतात. म्हणून ४१६ तडतडायला लागला तर मी आधी केबल आणि कनेक्टर दोनदा तपासतो. तिथे कॅप्सूल दोषी निघण्याची शक्यता कमी.

आता ओल आत जाते कशी? पाऊस थेट पडून क्वचितच. बहुतेकदा एसीमुळे. हवा ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २७ अंशांवर येतो. म्हणजे २७ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरणार. माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानावर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो, म्हणजे चिखलातल्या खेळांचा उत्सव होतो. पणजीहून २२ अंशांवर एसी लावून आलेलं युनिट गाडीचं दार उघडतं, केस उघडतं, थंडगार माइक बाहेर काढतं आणि तसंच मैदानात धावतं. पापणी लवावी इतक्या वेळात चष्म्याची काच पांढरी होते, ती सगळ्यांना दिसते. तेच पाणी माइकच्या पडद्यावर धरलेलं असतं, ते कुणाला दिसत नाही. देवळाच्या ओसरीवर सकाळपासून उघड्या हवेत बसलेल्या दुसऱ्या युनिटचा तसाच माइक स्वच्छ चालतो. दोन्ही माइक एकाच कंपनीचे असू शकतात. फरक फक्त गाडीतल्या थंडीचा.

इलाज सोपा आहे. एसी खोलीतून किंवा गाडीतून निघण्याआधी, आतल्या कोरड्या हवेतच, माइक झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून बंद करा. बाहेर आल्यावर पिशवी न उघडता अर्धा ते एक तास तशीच ठेवा. पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगावर धरेल, आत नाही. माइक बाहेरच्या हवेइतका गरम झाला की मगच उघडा. युनिट घाई करेल. त्यांना सांगा की हा तास दिला नाही तर डबिंगचे दिवस द्यावे लागतील.

आधीच ओला झालेला माइक सुकवायचा तर घट्ट झाकणाचा, रबरी कड असलेला डबा घ्या आणि त्यात भरपूर सिलिका जेल, काही शे ग्रॅम तरी. बुटांच्या खोक्यातल्या चिमुकल्या पुड्या चालत नाहीत, त्या घरी आल्यापासून दोन दिवसांतच भरून गेलेल्या असतात. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे कधी संपलं ते कळतं. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला अपायकारक आहे, म्हणून नारिंगी घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तासदोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. निवतानाही झाकून ठेवा, नाहीतर थंड होता होताच पुन्हा हवेतली ओल पिऊन घेतं. माइक आत ठेवून डबा एक रात्र, जमल्यास दोन दिवस बंद ठेवा. छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता दाखवणारं मापक) आत ठेवला तर उत्तम. काटा ४० ते ५० टक्क्यांवर हवा.

तांदळात माइक पुरू नका. तांदळाची पूड जाळीतून आत जाते आणि सुकवण्यात तांदूळ जेलच्या जवळपासही येत नाही. हेअर ड्रायर नको, ऊन नको, फुंकर तर अजिबात नको. फुंकरीत तोंडाची वाफ असते आणि दाबाने पडद्याला इजा होते. पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात छोटा बल्ब पेटता ठेवायची आपल्याकडची जुनी रीत आहे, ती उपकरणांच्या बंद कपाटालाही लागू पडते, कारण हवा थोडी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता खाली येते. बल्ब माइकपासून आणि फोमपासून लांब हवा, एवढंच. कायम काम करणाऱ्याने कॅमेऱ्यावाले वापरतात तसं ड्राय कॅबिनेट घ्यावं. एका कॅप्सूलच्या दुरुस्तीपेक्षा ते परवडतं.

सुकवल्यावर माइक बरा झाला आणि पुढे बराच काळ बरा राहिला, तर काम संपलं. सुकवला की बरा होतो, पण दमट हवेत आणल्यावर काही मिनिटांतच पुन्हा तडतडतो, असं होत असेल तर कॅप्सूलवर मीठ किंवा घाण बसलेली आहे. कितीही जेल घाला, ती निघणार नाही. तिथे तुमचं काम थांबतं.

कॉलर माइकबद्दल थोडं

कॉलर माइकची तडतड बहुतेकदा घामाची. जाळीत घाम शिरतो, आणि माइक तासाभराने आपोआप बरा होतो. दुसरा माइक लावा, पहिला डब्यात टाका. अंगाला लावताना वैद्यकीय टेपची घडी मध्ये घाला, म्हणजे जाळी कातडीला टेकत नाही. आवाज तुटत असेल तर आधी ट्रान्समीटरची अँटेना घामट कमरेला चिकटलीय का बघा, मग बॅटरी, मग फ्रिक्वेन्सी. माणसाचं अंग रेडिओ लहरी खातं, त्यामुळे रिसीव्हर नटासमोर आणा, मागे ठेवू नका. नोव्हेंबरात इफ्फीच्या (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) दिवसांत पणजीत काम असेल तर प्रत्येक जागी नव्याने स्कॅन करा, सकाळी मिळालेली मोकळी फ्रिक्वेन्सी दुपारी मोकळी असेलच असं नाही.

इथे थांबा

रंगमंचावर माइकचा धातूचा स्टँड किंवा रेकॉर्डर हाताला झिणझिण्या देत असेल तर ताबडतोब हात काढा, मेन स्विच बंद करवा आणि वायरमनला बोलवा. ही तडतडीची बाब राहिलेली नाही. मांडवातल्या ओल्या जमिनीवर २३० व्होल्ट जिवावर बेततात. तोवर कार्यक्रम थांबला तरी चालेल.

उपकरण खाऱ्या पाण्यात पडलं तर बॅटरी काढा, पुन्हा चालू करून बघू नका, आणि वाळवत बसू नका. त्याच दिवशी दुरुस्ती करणाऱ्याशी बोला. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि सर्किट खात बसतं. गोड्या पाण्यात भिजलेला रेकॉर्डरही तंत्रज्ञाने उघडल्याशिवाय चालू करू नये.

रेकॉर्डरच्या इनपुटवरच फँटमचा एक आकडा पडलेला असेल, सगळ्या केबली बदलूनही एकच चॅनेल तडतडत असेल, किंवा कॅप्सूलचं वर लिहिलं तसं वारंवार होत असेल, तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. कॅप्सूलची सफाई धूळविरहित जागी, योग्य द्रव आणि सराव असलेल्या हातानेच व्हायला हवी. पडद्याला काडीचा स्पर्श झाला तरी माइक संपतो. वॉरंटीत असेल तर उघडल्याने वॉरंटीही जाते. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच पाठवा. इथून मला तो बहुतेकदा मुंबईला पाठवावा लागतो, त्यामुळे मधले आठवडे भाड्याच्या किंवा मित्राच्या माइकची सोय आधी करून ठेवतो.

पाठवताना नुसतं ‘आवाज येतोय’ असं लिहू नका. तडतडीची एक मिनिटाची फाइल द्या, माइक जोडलेला असतानाची आणि नुसत्या केबलची, दोन्ही. फँटमचे मोजलेले आकडे लिहा. किती वेळ सुकवल्यावर बरा झाला आणि दमट हवेत किती मिनिटांनी बिघडला हे लिहा. हे नसेल तर एसी कार्यशाळेच्या कोरड्या हवेत माइक स्वच्छ चालतो आणि ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लागून परत येतो. दुरुस्त होऊन आला की आधी घरात ऐका, मग पाऊस चालू असताना पडवीत तासभर चालू ठेवून ऐका, आणि तडतड पुन्हा आली तर दुरुस्तीच्या हमीची मुदत संपण्याआधी त्यांना कळवा.